सैतानाची मुदत तरी २४ वर्षांची होती

आमच्या नाट्यवाचनाच्या गटात गेल्या पावसाळ्यात एक भांडण झालं. ते अजून पुरतं मिटलेलं नाही. निमित्त होतं डिस्कोच्या जमान्यातल्या एका संगीतिकेचं. कोबी रेख्त आणि आयरिस योत्वात या इस्रायली जोडीने सत्तरच्या दशकात ती रंगमंचासाठी म्हणून हिब्रूत रचली. पुढे ती चित्रपट दिग्दर्शक मेनाहेम गोलान यांच्या हाती लागली, पश्चिम बर्लिनमध्ये तिचं चित्रीकरण झालं आणि १९८० साली 'द ॲपल' नावाचा इंग्रजी चित्रपट होऊन ती लोकांसमोर आली. साफ आपटली. पण तिची नाटकाची हाडं चित्रपटातही लपत नाहीत, म्हणून आम्ही ती एका रविवारी मिळून बघितली. शेवटची नावं पडद्यावर सरकत असताना कुणीतरी आमच्यातल्या एका तरुण नटाकडे वळून म्हणालं, "काय रे, तुझीच गोष्ट आहे ही. तूही आत्मा विकलासच की." मुलाने सहा वर्षं प्रायोगिक नाटकं केली होती आणि त्याच आठवड्यात एका दैनंदिन मालिकेला होकार कळवला होता. आधी हशा झाला, मग चहा गार होईपर्यंत वाद. एका बाजूचं म्हणणं, बाजारात उभा राहिला की कलावंत संपलाच. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घरभाडं काय आत्म्याने भरायचं?

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटल्या, आणि त्या एकाच कारणाने चुकीच्या वाटल्या. 'आत्मा विकला' हे शब्द दोघांनीही गृहीत धरले होते. एकाने त्याबद्दल शिक्षा फर्मावली, दुसऱ्याने माफी दिली, एवढाच फरक. माझं म्हणणं असं की हे शब्दच टाकून द्यावेत. ते कठोर आहेत ही माझी तक्रार नाही, कठोर बोलायला माझी काही हरकत नाही. ते खोटे आहेत आणि सोयीचे आहेत. सोय असते ती विकत घेणाऱ्याची. सौद्याला दोन बाजू असतात, पण 'आत्मा विकला' म्हटलं की प्रकाशझोत फक्त विकणाऱ्याच्या तोंडावर पडतो. किंमत किती ठरली, मुदत किती, हिशेब कोण दाखवणार, मोडायचं म्हटलं तर वाट कुठून, यातलं काही विचारायची गरजच उरत नाही. समोर सैतान बसलाय म्हटल्यावर त्याच्याकडे पावती कोण मागणार?

आता ही संगीतिकाच बघा. काळ १९९४, म्हणजे तेव्हाचं भविष्य. कॅनडातल्या मूस जॉ या लहानशा शहरातून आल्फी आणि बीबी हे जोडपं जागतिक गीतस्पर्धेत साधं प्रेमगीत गायला येतं. 'बिम' या बलाढ्य संगीत कंपनीचा मालक मिस्टर बूगालो त्यांना करार देऊ करतो. बीबी सही करते, आल्फी करत नाही. सही करण्याच्या प्रसंगी आल्फीला नरकाचं दर्शन घडतं, सफरचंद पुढे केलं जातं, बायबलची सगळी भांडीकुंडी मांडली जातात. पुढे सगळ्या देशाने चेहऱ्यावर 'बिम'चं चिन्ह चिकटवायचं असा कायदाच होतो. हे सगळं किती ढोबळ आहे हे लिहिताना मलाच हसू येतंय. पण एक गंमत नजरेतून सुटू नये. सैतानाच्या कंपनीची गाणी चढती, थिरकती, लक्षात राहणारी आहेत, आणि सज्जन आल्फीची गाणी अळणी. डिस्कोला नरकात पाठवायला निघालेल्या संगीतिकेला उभं राहायला डिस्कोचेच पाय लागतात. विरोध करणाऱ्याला जे वाजवल्यावाचून राहवत नाही, त्याला निव्वळ पाप म्हणून कसं भागेल?

या रूपकाची वंशावळ तपासली की ते आणखीच डळमळतं. डॉक्टर फाउस्टची कथा छापील रूपात पहिल्यांदा आली ती १५८७ साली, फ्रँकफुर्टला. तिथे आणि पुढे इंग्रज नाटककार मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस' नाटकातही सैतानाशी झालेला करार २४ वर्षांचा आहे. मुदत ठरलेली, सेवा ठरलेली, सही रक्ताने. मार्लोने तर गंमतच केली आहे. सही करताना फॉस्टसचं रक्त गोठतं, आणि त्याआधी सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस खुद्दच त्याला सांगतो की या नादाला लागू नकोस. ग्राहकाला आधी धोका सांगणारा विक्रेता! वर तो दिलेला शब्द पाळतोही. मागितलेलं बहुतेक आणून देतो, २४ वर्षं पूर्ण होईपर्यंत वसुलीला दाराशी येत नाही. गेल्या शंभर वर्षांत गायक-गीतकारांपुढे ठेवले गेलेले करार ज्यांनी चाळलेत त्यांना विचारा, सैतानाइतका सरळ व्यवहार किती जणांच्या वाट्याला आला? मुदतीच्या जागी 'कायमस्वरूपी', प्रदेशाच्या जागी 'संपूर्ण विश्व', आणि माध्यमाच्या जागी 'आज अस्तित्वात असलेली व पुढे शोधली जाणारी सर्व'. एवढं तर मेफिस्टोलाही सुचलं नव्हतं.

जर्मन कवी गटे तर आणखी पुढे गेला. त्याच्या फाउस्टमध्ये विक्रीच नाही, पैज आहे. एखाद्या क्षणाला 'थांब, किती सुंदर आहेस' असं मी म्हणालो तर मी हरलो, असं फाउस्टच सैतानाला बजावतो. म्हणजे तृप्त होऊन बसणं हे तिथलं पाप, धडपडणं नव्हे. आणि १८३२ साली आलेल्या दुसऱ्या भागाच्या शेवटी फाउस्ट सुटतो, देवदूत त्याला घेऊन जातात. मराठी वाचकाला हे परकं असायचं कारण नाही. विंदा करंदीकरांनी 'फाउस्ट'चा पहिला भाग १९६५ साली मराठीत आणला, आणि पैजेचा प्रसंग त्याच भागात आहे. तरी आपल्याकडे 'फाउस्टी सौदा' हे शब्द वापरणारा माणूस हमखास असं समजून चालतो की विकणाऱ्याचा निकाल लागलेला आहे. ज्या ग्रंथाचा दाखला देतो त्या ग्रंथाचाच निकाल उलट आहे, याची त्याला खबर नसते.

खरं तर सौद्याकडे बघायची आपली जुनी नजर यापेक्षा शहाणी होती. आपण सैतानाशी फारसे बोललो नाही, आपली घासाघीस देवाशी. नवस म्हणजे दुसरं काय? 'पोराला नोकरी लागू दे, सव्वा किलो पेढे वाहीन.' त्यात अटी आहेत, क्रम आहे, आणि आधी माल मग दाम हा नियमही आहे. नवस बोलणाऱ्या माणसाने भक्ती विकली असं कुणी म्हणत नाही. हिरण्यकशिपूचा वर आठवा. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. एखाद्या कसलेल्या वकिलाने बसून मसुदा केल्यासारखा वर, आणि नरसिंहाने त्यातली फट शोधली. आपल्या पुराणात असे सौदे मोडतात ते पळवाटेने. आणि सैतान हे नाव तरी किती पक्कं? सिंधुदुर्गात देवचार हा वाटेवर सोबत करणारा राखणदार. सीमा ओलांडून गोव्यात ख्रिस्ती घरात गेलात की देवचार म्हणजे थेट सैतान. शब्द तोच, तेरेखोलची खाडी ओलांडली की नोकरी बदलते.

हे विषयांतर वाटलं तरी नाही. डिस्कोच्या बाबतीत नेमकं हेच झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये हे संगीत वाढलं ते कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांच्या नाचाच्या जागांमध्ये. डेव्हिड मॅन्कुसो १९७० पासून आपल्या राहत्या जागी रात्रभराच्या मेजवान्या भरवू लागला, 'द लॉफ्ट' नावाने त्या ओळखल्या जातात. पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणं जिथे पोलिसांना बोलावण्याचं कारण ठरत होतं, त्या शहरात या लोकांनी नाचायला जागा मिळवली, म्हणजे त्यांच्यासाठी ही राखणदाराची जागा. मग १९७७ साली 'सॅटर्डे नाइट फीव्हर' आला, डिस्को उपनगरांत पोचला, कंपन्यांनी छापखाना चालू केला आणि दोन वर्षांत सीमा ओलांडून राखणदाराचा सैतान झाला. (त्या चित्रपटाला आधार ठरलेला मासिकातला 'सत्यवृत्तान्त' आपण बऱ्याच अंशी कल्पनेने रचला होता, अशी कबुली लेखक निक कोन यांनी वीस वर्षांनी दिली. सैतानाच्या चरित्रात एवढं चालायचंच.)

१२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर काय घडलं ते पुष्कळांना ठाऊक आहे. स्टीव्ह डाल हा रेडिओ निवेदक. त्याचं आधीचं केंद्र डिस्कोकडे वळल्यावर त्याची नोकरी गेली होती. बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्याने डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवायचा कार्यक्रम ठेवला. तबकडी घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश. पन्नास हजारांच्या आसपास लोक आले, स्फोटानंतर हजारो मैदानात घुसले, आणि दुसरा सामना यजमान संघाला न खेळताच गमवावा लागला. त्या दिवशी मैदानावर काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा, जो पुढे हाउस या नाचाच्या संगीताचा निर्माता झाला, सांगतो की लोक आणत होते त्या तबकड्या सगळ्या डिस्कोच्या नव्हत्याच, कृष्णवर्णीय गायकांच्या कितीतरी साध्या तबकड्या त्या ढिगात होत्या. डाल यांनी वंशद्वेषाचा आरोप कायम नाकारला आहे, आणि मीही एका माणसाच्या मनात शिरू इच्छित नाही. माझा मुद्दा एवढाच की 'या संगीताने आत्मा विकला' हा आरोप ज्या दिवशी स्फोटकांसकट बोलला गेला, त्या दिवशी एकाही कंपनीचं दफ्तर जळलं नाही. जळाल्या त्या गाणाऱ्यांच्या तबकड्या.

समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं आता मांडतो, कारण ते आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मांडलं आणि त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, पण बाजाराने संगीत नासवलं हे तर खरं ना? आणि नासवणाऱ्यांत वाजवणारेही होतेच ना?" होते. १९७९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीची सत्तरी ओलांडलेली सम्राज्ञी एथेल मर्मन हिने आपली जुनी गाणी डिस्कोच्या ठेक्यावर पुन्हा गाऊन काढली. त्याच साली मिकी माउसच्या नावाने डिस्कोची तबकडी निघाली आणि लाखांनी खपली. कुणी कानाला बंदूक लावली नव्हती. ठेका तोच, मिनिटाला एकशेवीसच्या आसपास, वर काहीही चिकटवा. हा ऱ्हास मी नाकारत नाही. पण त्याचं कारण 'आत्मा' मानलं तर एक गोष्ट उलगडत नाही. त्याच १९७९ च्या जूनमध्ये ब्रॉडवेवर खास डिस्कोचीच म्हणून एक भव्य संगीतिका उभी राहिली, 'गॉट टू गो डिस्को'. पैसा पाण्यासारखा ओतला. आठ प्रयोगांत गुंडाळावी लागली. आत्मे विकले गेले असतील तर मोबदला कुठे गेला? सैतान एवढा कच्चा व्यापारी? ऱ्हासाचं साधं कारण हे की एक ठेका खपतोय असं दिसल्यावर सगळ्यांनी तोच लावला, जसा एका वर्षी कांद्याला भाव आला की पुढच्या वर्षी सगळा जिल्हा कांदा लावतो. कांदा रस्त्यावर ओतायची वेळ आली म्हणून शेतकऱ्याने आत्मा विकला असं आपण म्हणतो का?

दंतकथा कलावंताचं आणखी एक नुकसान करते. ती त्याचे कष्ट खाते. इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीची बोटं इतकी चालतात म्हणजे सैतानाशी संधान असणारच, ही वदंता त्याला जन्मभर पुरली आणि मरणानंतरही. १८४० साली नीसमध्ये तो वारला तेव्हा चर्चने त्याला पवित्र भूमीत पुरायला नकार दिला आणि त्याचा देह वर्षानुवर्षं या गावाहून त्या गावी फिरला. मिसिसिपीचा ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन २७ व्या वर्षी, १९३८ साली गेला. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाने त्याची गिटार लावून दिली ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ही गोष्ट आधी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच गायकाच्या नावावर होती. आइक झिमरमन नावाच्या जाणत्या वादकाकडे रॉबर्टने घासून तालीम केली, हे मात्र फार थोडे सांगतात. त्याने १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांचा मोबदला काय मिळाला, हे चौरस्त्याची गोष्ट रंगवणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं? सैतानाने तालमीचं श्रेय नेलं आणि कंपनीचा हिशेबही झाकला. एका दगडात दोन.

मग योग्य शब्द कोणता? तो मराठीत तयार आहे, फक्त तो नाट्यगृहात फिरत नाही, फडात फिरतो. उसाच्या फडात आणि तमाशाच्या फडात. उचल. ऊसतोडीला निघणारं नवरा-बायकोचं जोडपं, मुकादमाच्या भाषेत 'एक कोयता', हंगामाआधी उचल घेतं आणि हंगामभर तोडून ती फेडतं. फिटली नाही तर पुढचा हंगाम बांधलेला. तमाशातही तेच. नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. फडातल्या कलावंतांनी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि मालकाने सावकाराकडून. आता अमेरिकेतल्या तबकडी कंपनीचा नेहमीचा करार बघा. कंपनी आगाऊ रक्कम देते, ध्वनिमुद्रणाचा खर्चही करते. हे सगळं गायकाच्या हिश्श्यातून वळतं होतं. वळतं होईपर्यंत त्याच्या हाती दमडी येत नाही, आणि पुरतं वळतं झाल्यावरही मूळ मुद्रणाची मालकी कंपनीकडेच राहते. घराचं कर्ज फिटलं की बँक कागद परत देते. इथे हप्तेही तुमचे आणि घरही त्यांचंच. ही उचलच आहे, फक्त कागद गुळगुळीत. आणि उचल घेतलेल्या कोयत्याला आपण आत्मा विकलेला म्हणत नाही. आपण दर विचारतो, मुकादमाची दलाली विचारतो, हिशेबाची चिठ्ठी मागतो. गाणारा माणूस मात्र तेच करताना दिसला की आपण एकदम धर्मशास्त्र काढतो. का? कारण तो गातो म्हणून त्याने उपाशी राहून पवित्र असावं, अशी आपली एक छुपी अपेक्षा असते. ही अपेक्षा कंपनीला फार सोयीची पडते. जो पैशाचं बोलायला लाजतो त्याला कमी पैसे देणं सोपं.

सैतानाच्या सौद्यावरच्या संगीतिकांपैकी एकीने मात्र हे फार आधी ओळखलं होतं. डिस्कोच्या बरंच आधी, १९५५ साली ब्रॉडवेवर आलेली 'डॅम यांकीज'. एक हजार एकोणीस प्रयोग झाले. तिचा नायक जो बॉइड हा मध्यमवयीन घरदलाल. आपला लाडका बेसबॉल संघ जिंकावा म्हणून तो सैतानाला आत्मा द्यायला तयार होतो, पण सौदा ठरताना म्हणतो, थांबा, सुटकेचं कलम घाला. ठराविक तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत मला बाहेर पडता आलं पाहिजे. सैतान कुरकुरत कबूल होतो. जो बॉइड शेवटी घरी पोचतो. बायकोवरचं प्रेम त्याला ओढून आणतं हे खरंच, पण निदान सुटकेचं दार मागून ठेवायचं त्याला सुचलं होतं. फाउस्ट विद्वान होता, त्याला कलम सुचलं नाही. घरदलालाला सुचलं. आयुष्यभर करारनामे हाताळलेल्या माणसाला कागदाची भीती वाटत नाही, हे लिहिणाऱ्यांनी विनोदात सांगितलंय, पण मला त्यात विनोदापेक्षा जास्त दिसतं.

आणि आता डिस्कोतलाच जो बॉइड. व्हिलेज पीपल हा गट जाक मोराली आणि आंरी बेलोलो या फ्रेंच निर्मात्यांनी उभा केला. पोलीस, काउबॉय, बांधकाम मजूर अशी सोंगं, सगळा मामला ठरवून घडवलेला. 'आत्मा विकला' म्हणायला याहून सोपं लक्ष्य सापडणार नाही. त्यातला पोलिसाच्या वेषातला मुख्य गायक व्हिक्टर विलिस, 'वाय.एम.सी.ए.'चे शब्द त्याचे. गाणं १९७८ चं. हक्क करारानुसार प्रकाशकांकडे गेले. पण १९७६ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती, जी १ जानेवारी १९७८ पासून लागू झाली. त्या तारखेपासून पुढे रचनाकाराने दिलेले हक्क ३५ वर्षांनी, आगाऊ नोटीस देऊन, परत घेता येतात, आणि करारात काहीही लिहिलं असलं तरी हा अधिकार सोडून देता येत नाही. विलिसने नोटीस दिली. प्रकाशकांनी आधी म्हटलं की तो पगारी नोकर होता, मग ते सोडून म्हटलं की सहलेखकाला एकट्याने असं करता येत नाही. २०१२ साली सॅन दिएगोच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. २०१५ साली ज्यूरीने आणखी पुढे जाऊन ठरवलं की 'वाय.एम.सी.ए.'सह १३ गाण्यांचा बेलोलो हा सहलेखकच नव्हता, म्हणजे विलिसचा वाटा निम्मा. ज्या वर्षी शिकागोत तबकड्या उडवल्या जात होत्या, त्याच्या आदल्याच वर्षी सुटकेचं दार कायद्यात बसवून झालं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे आत्म्याबद्दल बोलत होते.

आपल्याकडे हे दार किती उशिरा आलं ते सांगायला हवं. इकडे डिस्कोचा ज्वर चढायच्या बेतात होता त्या १९७७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की चित्रपटासाठी निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतंत्र टिपण जोडून गायकाला कायद्यात जागाच नाही याकडे लक्ष वेधलं. ते टिपण पस्तीस वर्षं वाट बघत राहिलं. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आवाज उठवला. मोहम्मद रफींचं मत वेगळं पडलं, एकदा मेहनताना घेतला की गायकाचा हक्क संपला असं ते मानत. दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं टाळलं. आजही ही आठवण निघाली की लोक स्वभावाकडे वळतात. रफी किती साधे, लता किती व्यवहारी. 'व्यवहारी' हा शब्द तिथे शिवीसारखा येतो! प्रश्न न्यायाचा होता, आपण त्याचा सात्त्विकतेच्या स्पर्धेत निकाल लावला. अखेर २०१२ साली, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, कॉपीराइट कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराने सोडून द्यायचा करार केला तरी तो आता टिकत नाही, आणि सादर करणाऱ्या कलावंताचा रॉयल्टीवरचा हक्कही लिहिला गेला.

इथे समोरून दोन हरकती येतात. पहिली, कायद्याने पैसे परत मिळतील, हरवलेला सूर कसा मिळणार? विलिसला गाणी मिळाली, मधली पस्तीस वर्षं मिळाली नाहीत. हे मी मान्यच करतो. काही नुकसान कागदावर भरून निघत नाही. रोज बारा तास एकच रडका प्रसंग चित्रित करणाऱ्या नटाच्या अंगात काहीतरी निबर होतं, आणि ते कोणत्याही कलमाने मऊ होत नाही. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? मला तर उलटा दिसतो. निबरपणा आणणारे ते बारा तास कुठून आले? करारातूनच. तास, सुट्टी, मुदत, दुसरीकडे काम करायची मोकळीक, हे सगळं कागदावर ठरतं. आत्मा म्हणून जे काही असेल ते राहतं तासांच्या आत. आठवड्यातले दोन दिवस मोकळे असतील तर तो नाटकाच्या तालमीला येईल, नसतील तर नाही. दुसरी हरकत जास्त बोचरी आहे: ज्याला वकील परवडत नाही त्याला तुझं सुटकेचं कलम काय कामाचं? खरं आहे. जो बॉइडला समोर एकच गिऱ्हाईक होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला तो हवाच होता. नवख्या नटाच्या मागे रांग असते. म्हणून तर २०१२ च्या तरतुदीचं महत्त्व. ती 'सोडून देता येत नाही' अशी आहे. एकट्याने घासाघीस करायची वेळच येऊ नये, अशी ती केलेली आहे. नवख्याला धैर्याचा उपदेश करण्यापेक्षा त्याला सही करूनही गमावता येणार नाहीत असे हक्क वाढवणं मला जास्त पटतं. उपदेशाला खर्च येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

'द ॲपल'चा शेवट मला या सगळ्या वादाचा आरसा वाटतो. बीबी कंपनीतून पळते, आल्फीबरोबर हिप्पींच्या वस्तीत जाऊन राहते. मग एक दिवस सैतान येतो, आणि येताना काय घेऊन येतो? पोलीस आणि वसुलीचा दावा. करार मोडलास, कंपनीचं देणं भर. संपूर्ण संगीतिकेतला हा एकमेव खरा क्षण. नरक, सफरचंद, चेहऱ्यावरची चिन्हं, सगळी सजावट बाजूला सरते आणि उरतो एक कागद. मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. आता तरी कुणी विचारेल, दाखव करार. पण आकाशातून रोल्स-रॉइस येते, तीतून मिस्टर टॉप्स नावाचा परमेश्वर उतरतो आणि सगळ्यांना दुसऱ्या ग्रहाकडे घेऊन जातो. कागद तसाच खाली राहतो.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी त्या मुलाला थांबवलं. विचारलं, "करार किती वर्षांचा आहे रे?"

"तीन. आणि पुढे त्यांच्या मर्जीने वाढवता येतो म्हणे, दादा."

"तुझ्या मर्जीने सोडता येतो?"

तो जरा थांबला. "तसं काही वाचलं नाही. सेटवरच सही घेतली ना, मेकअप चालू होता."

"प्रत कुठाय?"

"पाठवतो म्हणालेत."

याला आता चार महिने झाले. मालिका रोज लागते. मुलगा बरं काम करतो, गटातले दोन्ही बाजूंचे लोक चोरून बघतात. प्रत अजून आलेली नाही.